डावऱ्या जावयाचं घड्याळ

काकाजी, नमस्कार. वय २६, दिग्रस तालुक्यात आठ एकर शेती. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. मी डावरा आहे. जेवतो तेवढं उजव्या हाताने, बाकी विळा, पाना, पेन सगळं डाव्यात. मागच्या महिन्यात साक्षगंध झालं. सासऱ्यांनी स्टीलच्या चेनचं जड घड्याळ दिलं, आटोमॅटिक, सेल न लागणारं. मी सवयीने उजव्या मनगटात घातलं, तर मामसासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, घड्याळ डाव्या हातात घालत असते. उजव्या हातात कोन घालते?" मांडवातले सगळे हसले. आता आई म्हणते, लग्न होईपर्यंत डाव्यात घाल, कशाला बोलणं ऐकून घ्यायचं. पण डाव्यात घातलं की ते पान्यावर, टोपल्यावर आपटतं आणि हात वाकवला की चावी रुतते. गावात एक जण म्हणाला, उजव्या हातातलं घड्याळ माणसाची वेळ फिरवतं. मित्र म्हणतात, आटोमॅटिक आहे तर जास्त हलणाऱ्या हातातच पाहिजे, नाहीतर बंद पडेल. घरी आजोबांचं चावीचं एचएमटी पण आहे, तेही मला वापरायचं आहे. लग्न फेब्रुवारीत आहे. कोणत्या हातात घालू?
— एक डावरा नवरदेव

बाबू,

उजव्या हातात घाल. एवढं एका ओळीत सांगून मोकळा झालो असतो, पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की हाताबद्दल तुला शंका नाहीच. तुझा हात तुला माहीत आहे. तुला मामसासऱ्यांना द्यायला उत्तर हवं आहे आणि आईची समजूत घालायला चार शब्द. ते देतो. त्यासोबत तू न विचारलेली एक गोष्टही सांगणार आहे, कारण तू शेतकरी आहेस आणि तुझ्या मनगटावर आता स्टीलची चेन आली आहे.

आधी ही रीत आली कुठून ते बघू. डाव्या मनगटात घड्याळ घालण्याची कारणं दोन आणि दोन्ही व्यवहाराची. दहा माणसांत साधारण नऊ उजवे असतात. कुऱ्हाड उजव्या हातात, पेन उजव्या हातात, कडी-कोयंडा उघडायला उजवा हात पुढे. तो हात दिवसभर कशावर ना कशावर आपटतो, घासतो, भिजतो. घड्याळ पडलं नाजूक, म्हणून ते कमी कामाच्या हातात गेलं. दुसरं कारण चावीचं. मनगटी घड्याळाची चावी तीनच्या आकड्यापाशी असते. घड्याळ डाव्या मनगटावर असलं की चावी बोटांच्या दिशेला येते आणि उजव्या हाताच्या चिमटीत सहज सापडते. रोज सकाळी चावी द्यावी लागायची त्या काळात ही मोठी सोय होती.

आता हाच हिशेब स्वतःला लावून पाहा. तुझा कामाचा हात डावा, म्हणजे कमी कामाचा हात उजवा. घड्याळ तिथेच जायला पाहिजे. मामसासऱ्यांनी जो नियम सांगितला तो तू मुळातून पाळलास, त्यांनी फक्त त्याचा वरचा भाग पाहिला.

चावी रुतते म्हणतोस तेही खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. घड्याळ डाव्या मनगटात घाल आणि तळहात खाटेवर टेकवून उठायचा प्रयत्न कर. मनगट मागे वाकतं, हाताची पाठ वर येते आणि चावीचं टोक बरोबर तिथेच, हाड आणि शिरांच्या मध्ये, टोचतं. बादली धरताना, मोटारसायकलच्या हँडलवर, कुठेही हेच. जड आणि मोठ्या डायलच्या घड्याळात चावीही जाड असते, त्यामुळे लाल वळ उठतो. आता तेच घड्याळ उजव्यात घाल. चावी कोपराच्या दिशेला वळते, तिथे तिला टेकायला काही नसतं. उजव्या हाताची काही माणसंसुद्धा केवळ या एका कारणासाठी घड्याळ उजव्यात घालतात.

तोटा एकच. हातातल्या हातात वेळ लावायला अडचण होते, कारण चावी तुझ्या डाव्या चिमटीपासून पलीकडे जाते. मग काढून लाव. महिना ३१ पेक्षा लहान असला की पुढच्या दिवशी तारीख पुढे सरकवावी लागते, तेवढंच काम. ती मात्र रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान सरकवू नकोस. त्या वेळात आतली दातेरी चाकं स्वतःच तारीख बदलायला लागलेली असतात. बाहेरून जोर दिला तर दाता तुटतो आणि दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं. डाव्या बाजूला चावी असलेली घड्याळंही मिळतात, पण महाग असतात आणि तुला त्यांची गरज नाही.

मित्रांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आटोमॅटिक घड्याळात मागच्या बाजूला अर्ध्या चकतीसारखं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. म्हणून सेल लागत नाही. पण त्यासाठी हातात कुदळ असायची गरज नाही. चालताना झुलणारा हात, चहाचा कप उचलणारा हात, गाईच्या पाठीवरून फिरणारा हात, एवढं पुरतं. कोणत्याही हातात दिवसभर घातलं तर रात्र सहज निघते. काढून ठेवल्यावरही अशी बरीच घड्याळं साधारण ४० तास चालतात. आणि स्प्रिंग पूर्ण भरल्यावर जास्तीचं हलणं वाया जातं, घड्याळ त्याने जोरात चालत नाही. उलट जास्त हलणारा हात म्हणजे जास्त आपटणारा हात. पेरणीआधी वखराची पास ठोकून बसवताना हातोडीचा जो झटका मनगटापर्यंत येतो, तो त्या वजनाला आणि आतल्या बारीक आसांना सोसवत नाही. म्हणजे मित्रांच्या युक्तिवादातूनही उत्तर उजवा हातच निघतं, फक्त त्यांना वाटतं त्याच्या नेमकं उलट कारणाने.

"वेळ फिरते" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस. पण मामसासरे "आपल्यात असंच असते" म्हणाले तर त्यांच्यासाठी थोडा इतिहास जवळ ठेव. विसावं शतक उजाडलं तेव्हा पुरुषाचं घड्याळ कोटाच्या खिशात साखळीला असायचं. मनगटावर घड्याळ बांधायच्या त्या बाया, दागिना म्हणून. पुरुषाने मनगटावर घातलं तर त्याला हसत, आणि डावा-उजवा हा प्रश्नच नव्हता, दोन्ही हात हसण्याचेच. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात काही सैनिकांनी खिशातली घड्याळं चामड्याच्या पट्ट्यात अडकवून मनगटाला बांधली. १९०४ मध्ये पॅरिसच्या कार्तिएने सांतोस-द्युमाँ या ब्राझीलच्या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ तयार केलं, कारण उडताना दोन्ही हात विमानाच्या दांड्यांवर असायचे आणि खिशात हात घालायची सोय नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांना एका नजरेत वेळ पाहायची गरज पडली, आणि ते घरी परतले तेव्हा घड्याळ मनगटावरच राहिलं. म्हणजे पुरुषाच्या मनगटी घड्याळाची सगळी परंपरा सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरची आहे आणि ती सुरू झाली हात कामात गुंतलेल्या माणसांपासून. तुझ्यासारख्यांपासून.

जुनी परंपराच हवी असेल तर ती मनगटावर नव्हतीच. लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर पाहत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची; ती भरून बुडाली की एक घटिका झाली, २४ मिनिटं. मामसासऱ्यांना परंपरेची फारच ओढ असेल तर लग्नात घंगाळ घेऊन त्यांनाच बसवा. आणि आपल्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचं घड्याळ तर कोणत्याच हातात नव्हतं, कमरेला लटकवलेलं असायचं, आणि त्यांच्याइतका वेळेचा पक्का माणूस शोधून सापडायचा नाही. तेच गांधीजी १९०९ मध्ये बोटीवर एक अख्खं पुस्तक लिहिताना उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत. हे आईला सांग. डाव्या हाताबद्दल तिच्या मनात कुठेतरी कमीपणा असेल, तो तेवढ्याने जाणार नाही, पण ऐकून बरं वाटेल. (मित्र पुतीनचं उदाहरण देतील, तो उजवा असून घड्याळ उजव्यात घालतो म्हणून. ते सासुरवाडीत देऊ नकोस. तिथून गप्पा घड्याळावरून युद्धावर जातात आणि जेवण थंड होतं.)

आता तू न विचारलेली गोष्ट.

शेतात काही कामं अशी आहेत की तेव्हा घड्याळ कोणत्याच हातात नको. पहिलं थ्रेशर. सोयाबीनची सवंगणी झाली, गंजी लावली, मळणी सुरू झाली की पेंढ्या तोंडात लोटणारा माणूस लयीत येतो. डोळे पेंढीवर नसतात, गंजीवरून पुढची पेंढी देणाऱ्याकडे असतात. तू डावरा म्हणून लोटतोस डाव्याने, पण मागून उजवा हात आधाराला येतोच. तो येताना मनगटावर काय आहे याला फार महत्त्व आहे. जुन्या घड्याळाचा रेक्झिनचा पट्टा काडीत अडकला, ओढला गेला, तर बहुतेक वेळा तुटायचा. हात वाचायचा. स्टीलची चेन तुटत नाही. तिच्या कड्यांमध्ये काडीचं टोक सहज घुसतं आणि ड्रमने काडी ओढली की चेन, मनगट आणि माणूस एकाच दिशेला जातात. कडबा कुट्टी मशीनचंही हेच, तिथे तर तोंड अजून अरुंद. ट्रॅक्टरच्या मागे यंत्रं चालवणारा जो दांडा फिरतो, त्या पीटीओ शाफ्टजवळ वाकतानाही हेच. घड्याळ, कडं, मनगटाचा गंडा, लोंबती बाही, त्या वेळी काहीच नको. गंडा काढायला मन होत नसेल तर बाहीच्या आत दाबून वर घट्ट रुमाल बांध.

दुसरं ट्रॅक्टरची बॅटरी. तुझं पत्र पान्याचा उल्लेख करतं म्हणून सांगतो. बॅटरीचा टर्मिनल सैल झाला, तू पाना लावला, आणि पाना प्लसवर असताना चेन चुकून एकीकडे पान्याला आणि दुसरीकडे ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकली, तर करंट पान्यातून चेनमध्ये आणि चेनमधून बॉडीत जातो. १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तेवढ्या करंटने चेन क्षणात लालबुंद तापते आणि काढायच्या आत मनगटाभोवती कडं भाजतं. काम करताना आधी मायनसची वायर काढ, आणि त्याच्याही आधी घड्याळ. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत हात घालायचा असेल तर मेन बंद केल्याशिवाय घालूच नकोस, आणि तेव्हाही चेन हातात नको. रातपाळीला लाईन येते, ओल्या पायाने अंधारात पेटी उघडायची, एका हातात मोबाईलचा टॉर्च. अशा वेळी मनगटावर धातूचं काही असणं म्हणजे उगीच संकटाला बोलावणं.

तिसरं फवारणी. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर माणसं गेली. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा हे शब्द गावोगाव ऐकू आले, वापरणारे किती ते तूच पाहतोस. मोजा घालतोस असं धरून चालतो. घड्याळावर मोज्याची कड नीट बसत नाही, फट राहते, आणि औषधाचं पाणी नळीवरून ओघळत तिथेच शिरतं. चेनच्या कड्यांत ते घामासोबत साचतं. चामड्याचा किंवा कापडी पट्टा असेल तर तो पिऊन घेतो आणि मग तू अंघोळ करून आल्यावर तोच पट्टा पुन्हा मनगटावर चढवतोस. म्हणून फवारणीच्या दिवशी घड्याळ घरी. कुणी म्हणेल वॉटरप्रूफ आहे. घड्याळाच्या मागे ३० मीटर लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालतं, एवढाच घ्यायचा. आणि इथे घड्याळात पाणी गेलं का याची काळजी नाहीच, चामडीत काय गेलं याची आहे.

काढलेलं घड्याळ शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नकोस. वाकलास की पडतं, आणि थ्रेशरपाशी पडलं तर तू ते उचलायला हात घालशील. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, डब्याखाली ठेव. दुपारी डबा काढताना दिसतंच.

खरं सांगू का, शेतासाठी बाजारातलं दोन-तीनशेचं प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं सेलवालं घड्याळ घे. रात्री बटन दाबलं की उजेड पडणारं. तेही उजव्यातच. लाईन किती वाजता आली, पाणी किती वेळ चाललं, एवढं त्यात दिसतं, हरवलं तर रडू येत नाही, आणि कशात अडकलं तर पट्टा तुटतो. सासऱ्यांचं घड्याळ गावात, तालुक्याला, लग्नकार्यात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर स्टीलची चेन दुपारी अंगावर नकोच वाटते. घाम आणि धूळ मिळून कड्यांखाली चिखल होतो आणि मनगटावर घामोळ्या उठतात. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने चेन घास, चावी आत दाबलेली आहे हे पाहून.

मामसासऱ्यांकडे येतो.

त्यांनी टोमणा मारला की सहज बोलले, ते मला पत्रावरून कळत नाही. बहुधा सहजच. साक्षगंधात मामा लोकांकडे फारसं काम नसतं. जेवण वाढणारे वेगळे, देणंघेणं बोलणारे वेगळे. मग नवरदेवाकडे पाहत बसायचं आणि काहीतरी बोलायचं, म्हणजे आपण आलो होतो हे लोकांच्या लक्षात राहतं. हसणाऱ्यांतल्या अर्ध्यांना आज तुझं घड्याळ कोणत्या हातात होतं हेही आठवत नसेल. त्यामुळे मामांना जाऊन घटिकापात्राचा पाठ देऊ नकोस. तो मी तुझ्या समाधानासाठी लिहिला आहे. घंगाळाचं तर अजिबात बोलू नकोस.

बोलायचं ते सासऱ्यांशी. घड्याळ त्यांनी दिलं आहे. त्यांच्या मेहुण्याने चारचौघांत जावयाला हसवलं, हे त्यांनाही खटकलं असणार, पण मेहुण्याला बोलून ते आपल्याच घरात भांडण लावणार नाहीत. तू फोन कर, पिकापाण्याचं बोल, आणि मध्येच सांग: "घड्याळ रोज घालतो जी. मी डावरा आहे ना, म्हणून उजव्या हातात घालतो. डाव्यात कामाने खराब होईल, इतकं चांगलं घड्याळ आहे." बस. यात तुझं डावरेपण लपवलेलं नाही, त्यांच्या भेटीचा मान आहे, आणि मेहुण्याला काय सांगायचं ते त्यांच्या हातात आयतंच आलं. पुढच्या वेळी मामांनी विषय काढला तर सासरेच म्हणतील, "अजी, डावरा आहे तो." त्यांनी म्हटलेलं आणि तू म्हटलेलं यात फार फरक पडतो.

आईचा उपाय मला पटत नाही, पण ती का म्हणते ते समजतं. लेक आपला, बोलणं आपल्याला ऐकावं लागेल, मुलाकडची असूनही मान खाली घालावी लागेल, ही भीती तिची. पण फेब्रुवारीपर्यंत डाव्यात घालून मार्चमध्ये उजव्यात घातलंस तर तोच प्रश्न पुन्हा निघेल, आणि आता तो तुझ्या बायकोला विचारला जाईल: "काहून जी, लग्नात तर डाव्या हातात होतं?" पहिल्यापासून एकच हात दिसला की लोकांना त्याची सवय होते. शिवाय दोन-तीन महिने जड घड्याळ कामाच्या हातात बाळगलंस तर काचेवर ओरखडे पडतील, आणि ते मांडवात सगळ्यांना दिसतील. आईला हे ओरखड्यांचं सांग. मानापमानापेक्षा वस्तू खराब होते हे आयांना लवकर पटतं.

होणाऱ्या बायकोलाही एकदा सांगून ठेव की तू डावरा आहेस. तिला माहीत असेलच, पण नीट सांगितलेलं बरं. विळ्यापासून पाण्याच्या गुंडापर्यंत घरातल्या सगळ्या वस्तू तू उलट्या बाजूला ठेवणार आहेस.

लग्नाच्या दिवसाचा एक पेच आहे, तो आधीच सोडवून ठेव. नवरदेवाच्या उजव्या मनगटाला काकण बांधतात. हळकुंड, सुपारी, सुताचा धागा, आणि वर तुझं जड घड्याळ, हे एका मनगटावर मावत नाही. हळदीचा रंग चेनच्या कड्यांत बसतो तो वेगळाच. कुणी म्हणेल त्या दिवसापुरतं डाव्यात घाल. मी म्हणतो त्या दिवशी घालूच नकोस. मुहूर्ताची काळजी भटजींना, वरातीच्या उशिराची काळजी कुणालाच नाही, तुला वेळ पाहून करायचं काय? बहिणीच्या पर्समध्ये दे. फक्त वरातीत कुणी हौशी मित्राने ते घेऊन डीजेच्या डब्ब्यावर ठेवलं असं होऊ देऊ नकोस. मोठ्या स्पीकरमध्ये तेवढंच मोठं लोहचुंबक असतं आणि आटोमॅटिक घड्याळ त्याने पुढे-मागे पळायला लागतं. काकण सुटलं की घड्याळ पुन्हा उजव्यात. आणि काकणाची गाठ एका हाताने सोडायचा खेळ तुमच्याकडे असेल, आणि बायांनी "डाव्या हाताने सोडा" असं बजावलं, तर चेहरा पाडून हो म्हण. जिंकल्याशिवाय राहत नाहीस.

आजोबांचं एचएमटी अवश्य वापर. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये तो धंदा बंद करायचा निर्णय सरकारने घेतला. मधल्या काळात आपल्याकडच्या कित्येक मास्तर, तलाठी, ग्रामसेवकांच्या हातात तेच होतं, आणि कित्येक घरांत अजून कपाटात आहे. चावीचं आहे म्हणजे रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, चावी द्यायची. ती मनगटावर असताना देऊ नकोस, कोणत्याही हातात असलं तरी. तिरका जोर बसतो आणि चावीची दांडी सैल होते. काढायचं, उजव्या तळहातावर धरायचं, डाव्या चिमटीने हलके फिरवायचं, अडलं की थांबायचं. डावरा असल्याने इथे तुला कसलीच अडचण नाही. कित्येक वर्षं पडून असेल तर आतलं तेल सुकलेलं असणार, तेव्हा आधी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून तेल घालून घे, मगच चावी दे. वडिलांनी ते कधी घातलं नसेल तर का, हे एकदा विचार. कदाचित नुसतं बंद होतं म्हणून. कदाचित काही वेगळं असेल. विचारल्याशिवाय घालून समोर जाऊ नकोस.

राहिलं चेनचं माप. कामाच्या हाताचं मनगट बऱ्याचदा थोडं जाड असतं. दुकानदार सवयीने डाव्या हाताचं माप घेतो, मग ते तुझ्या उजव्यात ढिलं होऊन फिरत राहतं आणि डायल खाली जाते. दुकानात गेलास की आधीच उजवा हात पुढे कर. चेनखाली करंगळी जेमतेम जाईल इतकी सैल ठेव. उन्हाळ्यात मनगट फुगतं. कड्या क्लिपच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायला सांग, एकाच बाजूने काढल्या तर क्लिप मनगटाच्या हाडावर येऊन बसते. आणि काढलेल्या कड्या दुकानात ठेवून येऊ नकोस, पुडीत बांधून घरी आण. लग्नानंतर वर्षभर सासुरवाडीची जेवणं असतात, त्या लागतील.

— काकाजी